दिल्लीची महागाई आणि गल्लीची महागाई

(मंडळाच्या वाचनालयात विद्यार्थी व सभासदांपुढे दिलेले भाषण)



आजच्या विषयावर बोलण्यासाठी एखादा अर्थशास्त्राचा प्राध्यापक बोलवावयास हवा होता, असे आम्ही अध्यक्षांना आधीच सांगितले होते. आम्ही कला शाखेचे पदवीधर. मराठी आणि इतिहास हे आमचे विषय. गेली वीस वर्षे सोलापुरातल्या एका बँकेत काउंटरवर बसतो आणि दोन वर्षे मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीचा हिशेब पाहतो. एवढ्या शिदोरीवर महागाईच्या दराविषयी बोलणे हे धाडसच होय. परंतु दोन प्रसंग असे घडले की, त्यांनी आम्हांला हा विषय समजून घ्यावयास भाग पाडले. ते प्रसंगच आधी सांगतो.

पहिला प्रसंग नोव्हेंबर २०२५ मधला. देशातील किरकोळ महागाईचा दर ऑक्टोबर महिन्यात अवघा ०.२५ टक्का, म्हणजे जवळजवळ शून्यावर आला, अशी बातमी सर्व वर्तमानपत्रांत होती. त्या दिवशी पासबुक भरून घ्यायला नेहमीच्या एक मावशी आल्या. विड्या वळून त्यांचे आयुष्य गेले. त्या म्हणाल्या, "साहेब, पेपरात महागाई शून्यावर आली म्हणं. आमच्या गल्लीला तेवढं कळवा की!" रांगेतले सगळे हसले. आम्हीही हसलो. पण संध्याकाळी घरी जाताना मनात आले की, मावशींच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला देता आले नाही. पेपर खोटा होता की मावशी खोट्या होत्या?

दुसरा प्रसंग त्याआधीचा, मे २०२५ मधला. निधी समितीच्या बैठकीत विद्यार्थ्यांचे मासिक साहाय्य किती वाढवावे याची चर्चा चालू होती. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, २०२४-२५ या वर्षात देशातील महागाईचा सरासरी दर ४.६ टक्के होता. सबब साहाय्यात पाच टक्के वाढ केली म्हणजे विद्यार्थ्यांचे नुकसान होत नाही. तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझी वही बघता का?" त्याने एका साध्या वहीत दर महिन्याचा खर्च लिहून ठेवला होता. आदल्या वर्षी खानावळ २४०० रुपये, कॉटचे भाडे १२००, गावी जाण्यायेण्याचे एस.टी.चे ४००, आणि वह्या, झेरॉक्स, मोबाइलचे रिचार्ज मिळून ५००. एकूण ४५०० रुपये. यंदा खानावळ २७००, कॉट १३००, एस.टी. ४६०, बाकी ५४०. एकूण ५०००. म्हणजे ४५०० वर ५०० रुपयांची वाढ. टक्केवारी काढली तर ११ टक्क्यांच्या वर. समितीत क्षणभर शांतता पसरली. आमच्या हातात दिल्लीचा आकडा होता आणि त्या मुलाच्या हातात गल्लीचा.

आज आम्हांला जे सांगायचे आहे ते एवढेच की, हे दोन्ही आकडे खरे असू शकतात. ते का वेगळे येतात आणि कोणता आकडा कोणत्या कामी वापरायचा, हे आपल्या समाजातील प्रत्येक शिकलेल्या माणसाला समजले पाहिजे. कारण आपला पगार, आपल्या ठेवीवरचे व्याज आणि आपल्या मुलांची शिष्यवृत्ती या आकड्यांवर अवलंबून असते.

प्रथम हा आकडा तयार कसा होतो ते पाहू. सरकार एक टोपली ठरवते. माणसे कशाकशावर किती खर्च करतात याची घरोघरी पाहणी होते आणि त्यावरून प्रत्येक वस्तूला एक भार दिला जातो. शंभर रुपयांतले धान्याला किती, भाड्याला किती, दवाखान्याला किती, असा तो भार असतो. मग ठरलेल्या गावांतून आणि बाजारांतून दर महिन्याला भाव गोळा करतात. ज्या वर्षाशी तुलना करायची त्या वर्षाचा निर्देशांक १०० धरतात. निर्देशांक गतवर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा जितके टक्के वाढला, तो त्या महिन्याचा महागाईचा दर.

आपल्या देशात असे निर्देशांक एकाहून अधिक आहेत. वर्तमानपत्रात ज्याची बातमी येते तो राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून २०१५ पासून तो जी मालिका देत आला, तिच्यासाठी ११८१ खेड्यांतून आणि ३१० शहरांतल्या १११४ बाजारांतून भाव घेतले जात. दुसरा निर्देशांक औद्योगिक कामगारांसाठीचा. तो लेबर ब्युरो काढतो. त्याच्या २०१६ पायाच्या मालिकेत देशभरची ८८ केंद्रे आहेत आणि आपल्या महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्याबरोबर आपले सोलापूरही त्यांत आहे. सोलापूरचा निर्देशांक वेगळा निघतो, नागपूरचा वेगळा. या केंद्रांची त्या त्या ठिकाणच्या कामगारवर्गाच्या खर्चाच्या प्रमाणात सरासरी काढली की अखिल भारतीय आकडा मिळतो. म्हणजे दिल्लीची महागाई म्हणून जी आपण वाचतो, ती अनेक गल्ल्यांची सरासरी असते. सरासरी माणसाची उंची साडेपाच फूट असली म्हणून प्रत्येकाला साडेपाच फुटांचा सदरा बसत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आता स्थानिक दर आणि राष्ट्रीय दर यांत अंतर का पडते, त्याची कारणे पाहू.

पहिले कारण ताटाचे. आपल्या सोलापूरकडे भाकरी ज्वारीची. मंगळवेढ्याकडची ज्वारी महाग झाली की आपल्या प्रत्येक घराला चटका बसतो. परंतु साऱ्या देशाच्या टोपलीत ज्वारीचा वाटा अगदी नगण्य आहे. तेथे तांदूळ आणि गहू यांचे राज्य. त्यामुळे ज्वारी कितीही वाढली तरी राष्ट्रीय आकडा जागचा हलत नाही. याचे याहून ठळक उदाहरण केरळचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाचा दर ०.२५ टक्का होता, हे आम्ही सांगितलेच. त्याच महिन्यात केरळ राज्याचा दर ८ टक्क्यांच्या वर होता. देश एक, महिना एक, आणि आकड्यांत एवढी तफावत! त्या वर्षी खोबरेल तेलाचे भाव भडकले होते, हे त्याचे एक ठळक कारण. केरळच्या स्वयंपाकात खोबरेलाला जे स्थान आहे ते आपल्याकडे नाही. आपण खोबरेल केसांना लावतो, ते भाजीत घालतात. तेव्हा आपल्याला जे जाणवलेही नाही, त्याने त्यांचे महिन्याचे गणित मोडले.

दुसरे कारण खिशाचे. खेड्यातला माणूस आपल्या मिळकतीचा मोठा हिस्सा खाण्यावर खर्च करतो. २०१२ पायाच्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेये यांचा भार ग्रामीण भागासाठी ५४.१८ होता, शहरी भागासाठी ३६.२९. शहरी टोपलीत घरभाड्याचा भार २१.६७ होता, ग्रामीण टोपलीत घरभाडे धरलेलेच नव्हते. विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत करून पाहावे. समजा, फक्त खाण्याच्या वस्तू १० टक्क्यांनी वाढल्या आणि बाकी सर्व स्थिर राहिले. खेड्याचा दर येईल सुमारे ५.४ टक्के आणि शहराचा सुमारे ३.६ टक्के. भाववाढ एकच, तिचा मार दोन प्रकारचा. हे केवळ कागदावरचे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये खाद्यपदार्थांची महागाई १०.८७ टक्के होती. त्या महिन्यात ग्रामीण दर ६.६८ टक्के आणि शहरी दर ५.६२ टक्के निघाला. दोहोंचा मिळून देशाचा दर ६.२१ टक्के. खेडे आणि शहर यांतला हा फरक गरीब आणि सुस्थित यांतही असतो. ज्याच्या मिळकतीतले सत्तर रुपये चुलीत जातात, त्याला भाजीपाल्याची तेजी सर्वांत जास्त भाजते. पण त्याच्यासाठी वेगळा आकडा वर्तमानपत्रात येत नाही.

तिसरे कारण राज्याच्या आणि शहराच्या निर्णयांचे. २५ जानेवारी २०२५ पासून आपल्या एस.टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. मुंबईच्या बेस्ट बसचे किमान भाडे मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० रुपये झाले. बिहारच्या किंवा तमिळनाडूच्या प्रवाशाला यातले काहीच लागू नाही. उलट बाजूही आहे. जुलै २०२२ मध्ये राज्य सरकारने पेट्रोलवरील कर लिटरमागे ५ रुपये आणि डिझेलवरील ३ रुपये कमी केला; तो दिलासाही आपल्या राज्यापुरताच होता. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे तिकीट झाले. आता गंमत पाहा. आमच्या घरातून आम्ही उभयता अक्कलकोटला जायला निघालो, तर सौभाग्यवतींच्या लेखी प्रवास २०२२ पेक्षा स्वस्त झाला आहे आणि आमच्या लेखी महाग. एकाच घरात, एकाच बाकावर बसलेल्या दोन माणसांचा महागाईचा दर वेगळा असू शकतो, मग सोलापूर आणि दिल्ली यांचा का नसावा?

चौथे कारण आम्हांला त्या विद्यार्थ्याच्या वहीने शिकवले. स्थानिक भाव उड्या मारतात, राष्ट्रीय दर पावले टाकत जातो. त्या खानावळीचा दर मागची तीन वर्षे २४०० वरच थांबला होता. चौथ्या वर्षी मालकाने एकदम ३०० रुपये वाढवले. एका वर्षाची वाढ म्हणून पाहिले तर ती साडेबारा टक्के होते. तीन वर्षांवर पसरून पाहिली तर दरसाल चार टक्केच. म्हणजे दीर्घकाळाचा हिशेब केला तर ती खानावळ देशाबरोबरच चालली होती. देशात लाखो खानावळी आहेत. कोणी या महिन्यात वाढवते, कोणी पुढच्या. त्या सर्वांची सरासरी म्हणून राष्ट्रीय आकडा संथ दिसतो. तेव्हा सरकार आकडे दडपते, असे उठून म्हणण्याचे कारण नाही. परंतु विद्यार्थ्याला तीन वर्षांची सरासरी घेऊन जेवता येत नाही. त्याला या महिन्याचे २७०० याच महिन्यात द्यावे लागतात. हे आमच्या पाच टक्क्यांच्या प्रस्तावात बसत नव्हते.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा की, मुंबई सोलापूरपेक्षा महाग म्हणून मुंबईचा महागाईचा दरही जास्त असणार. तसे नाही. दर म्हणजे भावाची पातळी नव्हे, तर भावातला बदल. समजा, मुंबईत एका खोलीचे भाडे १५,००० वरून १५,४५० झाले आणि सोलापुरात ४,००० वरून ४,४०० झाले. मुंबई आजही तिपटीहून महाग आहे. पण तेथील वाढ ३ टक्के आणि आपल्याकडची १० टक्के. तद्वतच मुंबईचा निर्देशांक आणि सोलापूरचा निर्देशांक शेजारी ठेवून कोणते शहर महाग, हे ठरवता येत नाही. प्रत्येक केंद्राची सुरुवात आपापल्या १०० पासून होते. दोन मुलांची उंची किती वाढली हे सांगणारी फूटपट्टी कोणता मुलगा उंच, हे सांगत नाही.

दुसरा गैरसमज मावशींच्या प्रश्नातला, आणि तो फार पसरलेला आहे. महागाईचा दर कमी झाला म्हणजे भाव कमी झाले, असे लोकांना वाटते. ऑक्टोबर २०२३ मध्ये जी टोपली १०० रुपयांना मिळत होती, ती ऑक्टोबर २०२४ मध्ये १०६ रुपये २१ पैशांना झाली. पुढच्या वर्षी दर ०.२५ टक्का, म्हणजे टोपली झाली सुमारे १०६ रुपये ४८ पैसे. महागाई शून्यावर आली, पण वाढलेले सहा रुपये परत आले नाहीत. चढणीवरून सपाटीला आलो, खाली उतरलो नाही. आदल्या वर्षी भाज्या फार महाग होत्या म्हणून त्यांच्या तुलनेत यंदाचा आकडा लहान दिसला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर कमी झाले त्याचाही हातभार लागला. तेव्हा पेपरही खरा होता आणि मावशीही खऱ्या होत्या. फक्त दोघांमध्ये हा हिशेब समजावून सांगणारा माणूस नव्हता.

आता कोणी विचारील, हा आकडेमोडीचा खटाटोप हवा कशाला? याचे उत्तर इतिहासात आहे. स्थानिक निर्देशांक हा या देशात अभ्यासकांच्या हौसेपोटी जन्माला आलेला नाही. तो कामगारांच्या भाकरीच्या प्रश्नातून आला. पहिल्या महायुद्धात भाव भडकले, गिरण्यांतून संप झाले. १९२१ साली मुंबई सरकारने मजूर कार्यालय काढले आणि जुलै १९१४ चा भाव १०० धरून मुंबईच्या कामगारवर्गाचा राहणी खर्चाचा निर्देशांक सुरू झाला. सोलापूरच्या गिरणी कामगारांसाठीही त्याच दशकात निर्देशांक निघू लागला. म्हणजे आपल्या गावाच्या महागाईला शंभर वर्षांच्या आसपासची वंशावळ आहे. त्या गिरण्यांत आपल्या लोकांची संख्या मोठी होती, पण मुंबईच्या गिरण्यांत कापड विणण्याच्या खात्यात त्यांना शिरकाव नव्हता. धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विटाळ होतो, ही सबब होती. ज्या खात्यांत पगार कमी तेथेच ते अडकले. ज्याचा पगार कमी, त्याला महागाई भत्त्याचा एकेक आणा मोलाचा.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर जी.आय.पी. रेल्वेच्या कामगारांच्या महागाई भत्त्याचा वाद उभा राहिला. १९४० साली त्याची चौकशी बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखाली झाली. हेच पुढे संविधान सभेचे सल्लागार झाले. देशभर एकसारख्या पद्धतीने राहणी खर्चाचे निर्देशांक काढावेत, ही शिफारस त्या चौकशीतून आली. जुलै १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. त्याच काळात, १९४३ ते १९४५ मध्ये, ठिकठिकाणच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाच्या पाहण्या झाल्या आणि पुढे १ ऑक्टोबर १९४६ रोजी लेबर ब्युरो स्थापन झाला. आज आम्हां बँक कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ज्या आकड्यावर ठरतो तो हाच ब्युरो काढतो.

बाबासाहेबांना या विषयाचे मर्म फार आधी उमगले होते. १९२३ साली लंडनहून प्रसिद्ध झालेल्या 'रुपयाचा प्रश्न' या विषयावरील त्यांच्या ग्रंथाचा गाभाच हा आहे की, रुपयाचा परदेशी चलनाशी भाव काय, यापेक्षा देशातल्या माणसाला त्या रुपयात काय मिळते, हे महत्त्वाचे. भाव वाढतात तेव्हा मजुरी मागे रेंगाळते आणि त्या अंतरातला फायदा धंदेवाल्याच्या खिशात जातो, हे त्यांनी दाखवून दिले. पाहा, शंभर वर्षे होऊन गेली तरी ते अंतर आपल्या मुलाच्या वहीत दिसतेच आहे.

आणि आकडा चुकला तर काय होते, हेही इतिहासाने दाखवले आहे. मुंबईचा निर्देशांक खऱ्या भाववाढीपेक्षा कमी दाखवला जातो, असा आक्षेप कामगार संघटनांनी घेतला. १९६३ मध्ये त्यावरून मुंबईत मोठे आंदोलन झाले. महाराष्ट्र सरकारने प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. कामगारांच्या तक्रारीत तथ्य आहे, असे समितीला आढळले आणि निर्देशांकात दुरुस्ती सुचविली गेली. आपल्याला येथे शिकायचे ते हे की, त्या कामगारांनी नुसते 'आकडा खोटा आहे' असे ओरडून भागवले नाही. आकडा कसा काढला, हे तपासून दाखवले. आरडाओरडा विरून जातो, तपासणी मात्र कागदावर राहते.

आजची स्थिती काय? आमचा महागाई भत्ता दर तिमाहीला बदलतो आणि तो अखिल भारतीय सरासरीवर ठरतो. त्यामुळे सोलापूरचा लिपिक आणि कोचीचा लिपिक यांना भत्त्याचा दर एकच. ज्या वर्षी केरळ आठ टक्क्यांनी महागते, त्या वर्षी कोचीच्या बंधूचे नुकसान होते. ज्या वर्षी ज्वारी आणि घरभाडे आपल्याकडे वाढते, त्या वर्षी आपले. व्याजाचेही तसेच. २०१६ पासून महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचे उद्दिष्ट कायद्याने रिझर्व्ह बँकेपुढे ठेवले गेले, आणि ते मोजण्यासाठी राष्ट्रीय आकडाच पाहिला जातो. २०२५ मध्ये राष्ट्रीय दर खाली आला, तसा रेपो दर फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. मुदत ठेवींवरचे व्याजही त्यामागोमाग उतरले. कर्जदाराला बरे वाटले. परंतु ठेवीच्या व्याजावर संसार करणारे निवृत्त मामा काउंटरवर येऊन विचारतात, "माझं व्याज कुठं गेलं?" तेव्हा आम्हांला सांगावे लागते की, ते देशाच्या सरासरीमागे गेले. त्यांच्या औषधांचे भाव मात्र त्या सरासरीला विचारून ठरत नाहीत.

अर्थात, आम्ही निदान सरासरीला बांधलेले आहोत. ज्यांना कोणत्याच आकड्याशी बांधलेले नाही त्यांचे काय? कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये महिना १००० रुपये ठरले. २०२४ मध्ये त्याला दहा वर्षे झाली तेव्हाही ते १००० च होते, कारण त्याला महागाई भत्ता जोडलेला नाही. दरसाल ५ टक्के महागाई धरली, तर दहा वर्षांनंतरच्या त्या हजाराची किंमत ६१४ रुपये उरते. कोणी चोरी केली नाही, कोणी कापले नाहीत, तरी ३८६ रुपये गेले! धुणीभांडी करणाऱ्या भगिनी, हातगाडीवाले, खासगी शिकवणीत पाच-सहा हजारांवर राबणारे आपले पदवीधर, या सर्वांची वाढ मालकाच्या मर्जीवर आहे. राज्यात ठरलेल्या किमान वेतनाबरोबरचा विशेष भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकानुसार वर्षातून दोनदा बदलतो. पण आपल्याला तो लागू आहे, हेच अनेकांना ठाऊक नसते. विडी कामगार मावशींच्या नातवाने हे वाचून त्यांना सांगितले, तर या भाषणाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

एका टक्क्याने काय बिघडते, असे म्हणू नये. देश दरसाल ५ टक्क्यांनी महागला आणि आपले गाव ६ टक्क्यांनी, तर दहा वर्षांत देशाची १०० ची टोपली १६३ होते आणि आपली १७९. ज्याची मिळकत देशाच्या आकड्याप्रमाणे वाढली, त्याला टोपलीमागे १६ रुपये कमी पडतात. एवढ्या तुटीत एखाद्या मुलीचा क्लास बंद होऊ शकतो.

मग करायचे काय? आमच्या अल्प बुद्धीला सुचते ते असे. विद्यार्थ्यांनी आणि गृहिणींनी एक वही घालावी. धान्य, तेल-डाळ, भाजी, भाडे, वीज-गॅस, प्रवास, शिक्षण, औषध अशी आठ खाती पुरेत. बारा महिने लिहा आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्याशी तुलना करा. हा तुमच्या घरचा दर. वर्तमानपत्रात आकडा वाचताना तो कोणत्या महिन्याचा, ग्रामीण की शहरी, देशाचा की राज्याचा, हे पाहा. घरमालक भाडे वाढवायला आला किंवा मालकाकडे पगारवाढ मागायची असली, तर सोलापूर केंद्राचा निर्देशांक काढून समोर ठेवा. तो दर महिन्याला प्रसिद्ध होतो आणि कोणालाही पाहता येतो. आणि एका वर्षाच्या उडीवरून निष्कर्ष काढू नका. आपल्या बाजूचा आकडा असला तरी तीन वर्षांचा हिशेब मांडा. आपण प्रामाणिक असलो तरच समोरच्याला जाब विचारता येतो.

शेवटी त्या बैठकीत काय ठरले ते सांगून थांबतो. आम्ही आमचा पाच टक्क्यांचा प्रस्ताव मागे घेतला. चूक कबूल करायला थोडा वेळ लागला, पण केली. वाढ किती द्यायची, हे ठरवण्यासाठी साहाय्य घेणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांनी सहा महिने खर्चाची वही ठेवावी आणि दरवर्षी मे महिन्यात त्या वह्यांची सरासरी व राष्ट्रीय दर हे दोन्ही आकडे समितीपुढे शेजारी शेजारी ठेवावेत, असा ठराव झाला. ज्या वर्षी खानावळ उडी मारील त्या वर्षी फरकाची रक्कम एकदम द्यायची. ज्या वर्षी ती स्थिर राहील त्या वर्षी तेवढे पैसे निधीत राखून ठेवायचे. निधी आपला लहान आहे. सर्व भरपाई होत नाही. पण आता निर्णय अंदाजाने होत नाही आणि साहाय्य घेणारा विद्यार्थी हात पसरणारा राहिलेला नाही. तो हिशेब मांडणारा झाला आहे.

तो वहीवाला विद्यार्थी आज या सभेत बसला आहे. त्याचे नाव आम्ही घेत नाही, तो लाजेल. पण आम्हां वीस वर्षे आकड्यांत वावरणाऱ्या माणसाला महागाईचा पहिला धडा त्याने दिला, हे या व्यासपीठावरून सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.